सुवाहक, दुर्वाहक आणि आपल्या शाळेची पट्टी

गेल्या दिवाळीत शाळेच्या जुन्या इमारतीतले वायरिंग काढायचे काम चालू होते, तेव्हा मी नेमकी गावी होते. काम आपल्याच बॅचच्या एका मित्राकडे होते. मुदाळ तिट्ट्यावर त्याचे इलेक्ट्रिकचे दुकान आहे. लेखात माझे नाव घालायचे नाही, असे त्याने बजावले आहे. भिंतींवरून उपटलेल्या सागवानी पट्ट्यांचा ढीग व्हरांड्यात पडला होता. त्यातली हातभर लांबीची एक पट्टी मी मागून घेतली. "काय करणार न्हेऊन? जळणाला बी उपयोगाची न्हाई, रंग लावलाय तिला," तो म्हणाला. ती पट्टी आता पुण्यात माझ्या कामाच्या टेबलावर आहे. पत्र्याच्या बारीक क्लिपांत आवळलेल्या दोन तारा, टोकाला गोल लाकडी ठोकळा आणि त्यावर काळ्या बॅकेलाइटचे बटण. आठवी 'अ'च्या दाराशेजारचे हेच ते बटण. पाचवीतल्या मुलांचा हात तिथपर्यंत पोचत नसे, म्हणून ते छडीने दाबायची पद्धत होती. आता आठवले ना?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाला वाटले असणार, की ही बाई संगणकावर काहीतरी लिहील. मी या पट्टीवर लिहिते आहे.

माझ्या आजीच्या बोलण्यात इतिहासाचे दोनच कालखंड होते: लाईट यायच्या आधी आणि लाईट आल्यावर. 'वीज' हा शब्द ती फक्त आभाळातल्या विजेसाठी वापरायची. घरात येते ती लाईट, जाते ती लाईट, आणि मोटारही लाईटवरच चालते. लाईट यायच्या आधी घरात ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता आणि नदीकाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तयार झालेली ऑईल इंजिने. उसाला पाणी चढवणाऱ्या त्या इंजिनांचा टुकटुक आवाज रात्री गावापर्यंत ऐकू यायचा, असे ती सांगे.

आपल्या भागाची गंमत अशी, की वीज तयार करायला लागते ते सगळे आपल्या शेजारीच होते. गाव दूधगंगा आणि वेदगंगेच्या मधल्या पट्ट्यात. पलीकडे भोगावतीवर राधानगरीचे धरण. शाहू महाराजांनी त्याचे काम सुरू केले, ते अर्धवट राहिले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. १९५० च्या दशकात त्याच्या पायथ्याशी चार छोटी जनित्रे बसली, मिळून ४.८ मेगावॉटची. आजच्या हिशेबात हा आकडा किरकोळच; पण तेव्हा खेड्यातल्या घराची मागणी म्हणजे एक-दोन बल्ब. मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीच्या पाण्यावरची टाटांची वीज १९१५ मध्येच मिळाली होती. खेड्यांकडे तार वळायला मात्र पुढची कित्येक दशके जावी लागली. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ मध्ये कोयनेची पहिली जनित्रे फिरू लागली आणि मग खांब गावोगाव निघाले. मंडळाचे तीन-चार भाग होऊन महावितरण वेगळी झाली ती जून २००५ मध्ये. तरी आपल्याकडे वायरमन अजून 'बोर्डाचा माणूस'च आहे.

शिवाय कारखाना. साखर कारखाना उसाचे चिपाड जाळून वाफ करतो आणि त्याच वाफेवर स्वतःपुरती वीजही काढतो. म्हणून हंगामात गावात अंधार असला तरी बिद्रीच्या कारखान्याचे दिवे दिसत. आम्ही पोरं त्या उजेडाकडे बघत जेवायचो. पुढे सहवीज प्रकल्प आला आणि उरलेली वीज बाहेर तारांवर जाऊ लागली.

आता त्या तारांकडे बघू. खांबावरच्या तारेला आपण तांब्याची समजतो, ती तांब्याची नसते. बाहेर अॅल्युमिनियमच्या सहा तारांचा पीळ आणि मध्ये पोलादाची एक तार: वीज वाहायची अॅल्युमिनियमने, वजन पेलायचे पोलादाने. या तारांना इंग्रजांच्या काळापासून प्राण्यांची नावे आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा. जाडी वाढेल तसा प्राणी मोठा. 'विहिरीकडच्या लाईनला रॅबिट ओढलीय' हे लाईनमनचे वाक्य लहानपणी ऐकून मी बरेच दिवस ससा शोधत होते. आणि ही तार उघडी असते. तिच्यावर रबर नाही की प्लॅस्टिक नाही. खांबांच्या मधल्या अंतरात तिला जगापासून वेगळे ठेवते ती फक्त हवा. जिथे तार खांबाला टेकते, तिथे मात्र चिनी मातीचे टोपण लागते. त्या टोपणाला खाली एकाआत एक झालरी असतात. ती शोभा नाही. पाऊस पडला की वरचा भाग भिजतो, झालरीखालचा कोरडा राहतो, आणि भिजलेल्या भागावरून निसटू पाहणारी वीज त्या कोरड्या कड्यापाशी अडते. आपल्याकडच्या आषाढात खांबावर कोरडी जागा शिल्लक ठेवायची युक्ती म्हणजे ती झालर.

कोणत्या वस्तूतून वीज जाते आणि कोणत्या वस्तूतून जात नाही, हा फरकच मुळात १७२९ पर्यंत कोणाला नीट माहीत नव्हता. तो सापडला इंग्लंडमधल्या स्टीफन ग्रे या म्हाताऱ्या रंगाऱ्याला. कापड रंगवणारा रंगारी, कॉलेजची पदवी वगैरे काही नाही. काचेची नळी घासली की तिच्याकडे पीस ओढले जाते, हे ठाऊक होते. ग्रेने नळीला तागाची दोरी बांधली, दोरीच्या टोकाला हस्तिदंती गोळा लावला, आणि नळी घासल्यावर पीस लांबच्या गोळ्याकडे ओढले गेले. दोरी वाढवत नेली. लांब दोरी आडवी टांगायची तर आधार हवा, म्हणून त्याने आणि त्याच्या व्हीलर नावाच्या मित्राने ती रेशमाच्या धाग्यांवर टांगली. प्रयोग जमला. दोरी आणखी वाढवली तेव्हा भाराने रेशीम तुटले. मग तेवढीच बारीक पण मजबूत म्हणून पितळेची तार लावली, आणि गोळा मेल्यासारखा झाला. पीस हलेना. आधार बारीक असण्यात काही नव्हते. रेशीम असण्यात होते. पितळेने सगळी वीज छताकडे पळवली होती. सुवाहक-दुर्वाहक हे जे दोन रकाने आपण आठवीत घोकले, ते त्या तुटलेल्या रेशमातून निघाले.

त्यातली एक गोष्ट मात्र आपल्या पुस्तकात नव्हती. तागाची दोरी काही धातू नाही. मग ती वीज का वाहत होती? तिच्यात दमटपणा होता म्हणून. थोड्याच वर्षांनी फ्रान्समधल्या द्यू फे याने दोरी मुद्दाम भिजवून पाहिली, तर वीज आणखी चांगली जाऊ लागली.

तारायंत्राच्या माणसांनी हा धडा हिंदुस्थानात पावसाकडून घेतला. ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यात बांबूंवर लोखंडी तार ओढून संदेश पाठवले; ते वाचायची सोय काय, तर तारेच्या टोकाला बोटे लावायची आणि झटके मोजायचे! कोरडा बांबू छान दुर्वाहक, पण बंगालच्या पावसात बांबू कोरडा किती दिवस राहणार? पाण्याखालून तार न्यायची तर आणखी वेगळे काही लागे. ते मलायातल्या एका झाडाच्या चिकात सापडले, त्याचे नाव गट्टापर्चा. 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन समुद्राच्या तळाशी जी तार टाकली, तिच्या तांब्याभोवती हाच चीक होता. आज त्याच समुद्रातून काचेचे केसाएवढे धागे जातात. काच पक्की दुर्वाहक. तिच्यातून वीज जाऊच शकत नाही, जातो तो उजेड. माझी नोकरी त्या उजेडावर चालते, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

माझ्या टेबलावरच्या पट्टीकडे परत येते. घरातल्या वायरिंगचा जवळजवळ शंभर वर्षांचा प्रवास अशा पट्ट्यांवर दिसतो. आधी सागाच्या खाचेत तारा घालून वर झाकण ठोकायचे, केसिंग-कॅपिंग. कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांत ते अजून पाहायला मिळते. तारेवर रबर आणि रबरावर सुती वेष्टण. त्या रबराला 'इंडिया रबर' म्हणत, पण नावातला इंडिया आपला नव्हे. रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. हे रबर वीस-पंचवीस वर्षांत कडक होते, मग हात लावला की पापडासारखे तुटते. नंतर उघड्या पट्टीवर क्लिपांनी आवळलेली तार आली, म्हणजे आपली शाळा. तारेवर रबराऐवजी पीव्हीसी आले. मग प्लॅस्टिकची पट्टी, आणि आता भिंतीत गाडलेले पाइप. बटणही तसेच. आधी चिनी मातीवर पितळेची टोपी. मग १९०७ च्या सुमारास अमेरिकेत बेकलंड या मूळच्या बेल्जियमच्या रसायनतज्ज्ञाने बॅकेलाइट बनवले. ते वितळत नाही, भिजत नाही, वीज जाऊ देत नाही आणि साच्यातून हवे तसे निघते. सगळ्या जगाची बटणे त्यानंतर काळी झाली.

शाळेच्या पट्टीवरच्या तारा सोलून पाहिल्या तर आत पांढुरका अॅल्युमिनियम निघाला. याचे कारण दिल्लीच्या तिजोरीत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत तांबे बाहेरून आणायला परकीय चलन लागे आणि अॅल्युमिनियम देशात होत असे. तांब्याच्या तुलनेत त्याची वाहकता साठ टक्क्यांच्या आसपास, पण वजन तिसऱ्या हिश्शाहून कमी. म्हणजे तेवढेच काम करणारी तार थोडी जाड होते आणि तरी निम्म्या वजनात बसते. खांबावर हा सौदा उत्तम. घरात मात्र नडतो, आणि नडतो तो जोडापाशी. अॅल्युमिनियम हवेत उघडा पडताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, आणि तो थर दुर्वाहक! सुवाहकाने अंगावर दुर्वाहकाचा सदरा घातलेला. शिवाय हा धातू मऊ. स्क्रूखाली दाबला की हळूहळू सरकतो, तापला की तांबे-पितळेहून जास्त पसरतो, थंड झाला की आखडतो. काही वर्षांत स्क्रू आपोआप सैल. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. नववीच्या वर्गात पंखा लावला की बोर्डातून तळलेल्या शेंगदाण्यासारखा वास यायचा, तो हा. त्यावर आपल्या इतिहासाच्या सरांचा उपाय होता बोर्डाला एक चापट. तो लागूही पडायचा, कारण चापटीने जोड तात्पुरता बसायचा.

इलेक्ट्रिशियन मित्र अजून 'तीन-बावीस', 'एक-अठरा', 'सात-वीस' अशा भाषेत बोलतो. पहिला आकडा आतल्या तारांचा, दुसरा त्यांच्या जाडीच्या गेजचा. बाजारात तार कधीच चौरस मिलिमीटरवर मिळू लागली, पण मिस्त्रींच्या तोंडी जुने गेज आहे, जसे सोनारांच्या तोंडी तोळा.

आता जे सांगायचे म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

१९९३ च्या जूनमध्ये आपण आठवीत होतो. विज्ञानाच्या बाईंनी टेबलावर सेल, बल्ब आणि तारांची दोन मोकळी टोके मांडली होती. किल्ली लावली, बल्ब लागला. कंगवा, नाही. खडू, नाही. पट्टी, नाही. पेन्सिलीचे शिसे लावले तेव्हा बल्ब मिणमिणला आणि वर्गात ओरडा झाला. फळ्यावर दोन रकाने झाले. दुर्वाहकांत पहिलाच शब्द 'लाकूड'. माझी वही नीटनेटकी होती, तुम्हाला माहीतच आहे.

त्याच आठवड्यात आप्पा गोठ्यात बल्ब लावत होते. घरातली तार पुरत नव्हती म्हणून त्यांनी दुसरी जोडली, जोडावर जुनी चिकटपट्टी गुंडाळली आणि तो जोड गोठ्याच्या लाकडी मेढीवर खिळा वाकवून अडकवला. मला हाक मारून विचारले, "बाळ, हितं ठेवलं तर चालंल न्हवं?" मी शाळेत शिकलेले सांगितले. "आप्पा, लाकूड दुर्वाहक असतंय. त्यातनं करंट येत न्हाई." त्यांना बरे वाटले. पोरगी शिकते आहे याचेही असेल.

जुलैत आठ दिवस पाऊस थांबला नाही. छपरातून ओघळ मेढीवरून खाली येत होता. चिकटपट्टी सुटली, भिजलेला खिळा तारेला टेकला आणि मेढ वरपासून खालपर्यंत चिंब. त्याच मेढीला लोखंडी कडे होते आणि कड्याला साखळीने म्हैस. सकाळी आई धारेला गेली तेव्हा ती पडलेली होती. आईने हात लावायच्या आत आप्पांनी तिला मागे ओढले आणि घरातले मेन बटण बंद केले, म्हणून मी आज हे लिहिते आहे. घरात मेन बोर्डावर किटकॅट फ्यूज होता. आप्पांनी तो उपसून पाहिला. तार शाबूत होती. दुपारभर ते तो फ्यूज हातात घेऊन बसले होते. "मग हे कशाला असतंय?" एवढेच म्हणाले.

याचे उत्तर मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी मिळाले. फ्यूज तारेला जपतो, जिवाला नाही. पाच अँपिअरची फ्यूजतार वितळायला पाच अँपिअरहून जास्त वीज जावी लागते. काळीज थांबायला अँपिअरचा दहावा भागही पुष्कळ होतो. ओल्या लाकडातून तेवढी सहज झिरपते. लाकूड वीज अडवते, कारण कोरड्या लाकडात वाहून नेणारे काही मोकळे नसते. त्यात पाणी शिरले, आणि पाण्यात माती, शेणमूत, घामाचे क्षार विरघळले, की तेच लाकूड दुसऱ्या रकान्यात जाते. जनावराला धोका माणसाहून जास्त. चार पाय ओल्या जमिनीवर, पुढच्या आणि मागच्या पायांत मोठे अंतर, आणि विजेच्या वाटेत मधोमध काळीज. पायात चप्पलही नाही.

पाणी सुवाहक की दुर्वाहक, हे बाईंना त्या तासाला कोणीतरी विचारले होते. "शुद्ध पाणी दुर्वाहक. पण शुद्ध पाणी आपल्याकडे कुठं असतं रे?" असे त्या म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. ते मी वहीत लिहिले नाही, कारण ते फळ्यावर नव्हते.

बाई, या मेळाव्याला तुम्ही येणार आहात असे कळले. हे तुम्हाला तीस वर्षांत सांगितले नव्हते. दोष तुमच्या फळ्याचा नाही. यादी मी पाठ केली होती आणि पाऊस मोजला नव्हता.

तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी प्लग बघते. आपला तीन गोल पायांचा प्लग मूळचा इंग्रजांचा. त्यांनी स्वतः दुसऱ्या महायुद्धानंतर चौकोनी पायांचा घेतला, आपण गोल ठेवला. वरचा पाय जाड आणि लांब असतो तो अर्थिंगचा. लांब अशासाठी, की प्लग घालताना तो सगळ्यांत आधी टेकावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा. वीज आत यायच्या आधी तिची बाहेर जायची वाट तयार. दोन पायांच्या प्लगात ही वाट नाही, आणि तिसरा पाय कापून प्लग बसवणारे कारागीर आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत. पण तीन पायांचा प्लगही भिंतीमागे मातीपर्यंत तार गेली असेल तरच खरा. त्यासाठी जमिनीत अडीच मीटरचा नळ पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, म्हणजे माती ओल धरते. जे पाणी आमच्या मेढीत नको होते, ते इथे मुद्दाम साठवायचे. सोबत ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी लावले, की गेलेली आणि परतलेली वीज यांत तेवढा फरक पडताच पुरवठा क्षणात बंद होतो. आप्पांना हवा होता तो फ्यूज हा.

आपल्या बॅचने शाळेला काय द्यायचे, यावर व्हॉट्सअॅपवर किती दिवस वाद चालला ते सगळ्यांना ठाऊक आहे. बहुमत डिजिटल फळ्याकडे होते. मी संगणकाची माणूस असून विरोधात का, म्हणून काहींनी चेष्टाही केली. कारण वर सांगितले. शेवटी फळा एका वर्षाने पुढे गेला आणि निधी आधी नव्या वायरिंगला, दोन अर्थिंगला आणि आरसीसीबींना लागला. मोठ्या मनाने ऐकून घेतलेत, याबद्दल आभार.

कार्तिकात खड्डे खणले. वर मुरूम, खाली काळी माती. नळ उतरवला, कोळशाचा आणि मिठाचा थर एकाआड एक भरला, वर सिमेंटची चौकट आणि झाकण केले. मित्राने अर्थ टेस्टरच्या खुंट्या मैदानात ठोकल्या. सुई आधी बरीच वर थांबली. "पाणी घाल," तो म्हणाला. सातवीतल्या दोन मुली नळावरून बादल्या आणत होत्या. त्यांनी चार बादल्या ओतल्या, आम्ही चहा पिऊन आलो आणि पुन्हा मोजले. सुई तीन ओहमच्या आसपास उतरली होती. उन्हाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी घालायचे काम आता शाळेने आठवी 'अ'कडे दिले आहे.